दहा लाख नऊ

जानराव मास्तरांच्या घरात सकाळचा क्रम ठरलेला होता. आधी आकडा, मग मशीन, मग सुई. चहा आणि देवपूजा त्याच्यानंतर. देव थांबून घेतो, साखर थांबत नाही, असं मास्तर म्हणायचे.

साखर म्हणजे प्रयागबाईंची. चौदा वर्षांपासून ती त्यांच्या रक्तात ठाण मांडून बसली होती, आणि आता तिनं डोळ्यांवरही हात मारला होता. दारात माणूस उभा राहिला तर कोणीतरी आलं एवढंच बाईंना कळायचं, कोण ते आवाजावरून. सकाळी अठरा युनिट इन्सुलिन, संध्याकाळी दहा. मुलगा पवन आणि सून वर्षाराणी चाकणला कंपनीत, कामरगावच्या घरात ही दोघंच. तेव्हा सुई भरायचीही मास्तरांनी आणि टोचायचीही मास्तरांनी.

कारंज्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी त्यांना बाजूला घेऊन बजावलं होतं. एखादी सुई चुकली तर निभेल, पण अठराच्या जागी अठ्ठावीस गेले तर बाई बसल्या जागी संपेल. मास्तरांनी सत्तरी ओलांडलेली. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःवरच पहारा बसवला. सुईला हात लावायच्या आधी आपलं डोकं ठिकाणावर आहे का, हे रोज तपासून घ्यायचं. आणि तपासायला त्यांच्याकडे एक हुकमी आकडा होता. दहा लाख नऊ.

एकावर पाच शून्यं आणि शेवटी नऊ. दिसायला किती भोळा! पण हा आकडा अविभाज्य, म्हणजे एक सोडला आणि तो स्वतः सोडला तर दुसऱ्या कुठल्याच आकड्यानं त्याला पुरता भाग जात नाही, काही ना काही उरतंच. हे मास्तरांनी कुठं वाचलेलं नव्हतं, स्वतः सिद्ध केलेलं होतं. तिशीत असताना एका उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी हजाराच्या आतल्या सगळ्या अविभाज्य आकड्यांची यादी केली आणि एकेकानं दहा लाख नऊला भागून पाहिलं. हजाराच्या पुढे जायची गरज नव्हती. हजार हजारी दहा लाख, तेव्हा आकडा फुटायचाच असला तर एक तुकडा हजाराच्या आत सापडायलाच हवा. वीस दिवस लागले. एकही सापडला नाही. मास्तर तेव्हा ज्या गावच्या शाळेत होते तिचं नाव सांगून आता कोणाचं भलं होणार नाही, पण त्या शाळेच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटनं तो आकडा लिहून काढला आणि पोरांना सांगितलं, की जो याला भाग लावून दाखवेल त्याचं नाव मी या भिंतीवर लिहीन.

नाव कोणाचं लिहिलं गेलं नाही. मास्तर रिटायर झाले, भिंतीवर चुना चढला, पण आकडा त्यांच्या डोक्यात राहिला. रोज सकाळी खाटेच्या कडेला बसून ते डोळे मिटून पुटपुटायचे. सातानं भागलं तर तीन उरतात. अकरानं दहा. तेरानं दहा. सतरानं एक, एकोणीसनं एक, तेवीसनं पंधरा. तेवढं बिनचूक झालं की मगच फ्रीजमधली बाटली काढायची. आणि आतून प्रयागबाईंची हाक ठरलेली:

"झाले का तुमचे दहा लाख? मले चहा पाह्यजे."

आता कोणी म्हणेल, म्हाताऱ्याचं खूळ आहे. असेल. पण त्या खुळामागं एक भीती होती, आणि ती बाहेरून उसनी आणलेली नव्हती, घरातच पिकलेली होती.

मास्तरांचे वडील जगदेव चांगले शहाणेसुरते शेतकरी. गोठ्यात दोन बैल. साठीला आल्यावर एका पोळ्याला त्यांनी बैल ओवाळताना तीन मोजले. लोक हसले, थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशीही तीनच. जानरावांनी त्यांना गोठ्यात नेलं आणि म्हटलं, बाबा, हात लावून मोजा. म्हाताऱ्यानं पहिल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला, एक. दुसऱ्याच्या, दोन. आणि मग रिकाम्या दावणीपाशी जाऊन हवेत तसाच प्रेमानं हात ठेवला आणि म्हणाला, तीन. चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नाही. महिन्याभरानं एका दुपारी तिसरा बैल सुटला म्हणून ते शोधायला गेले, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेतात शेषरावांच्या विहिरीत सापडले.

बाप गेल्याचं दुःख मास्तरांना झालंच, पण काळजात रुतून बसला तो हवेत ठेवलेला हात. माणसानं नीट मोजलं, हात लावून मोजलं, आणि तरी चूक. डोकं सरकलं की त्याचा हिशेब त्याला बरोबरच दिसतो, हे तेव्हा त्यांना कळलं आणि ते पुन्हा कधी विसरले नाहीत.

त्यात गेल्या पंधरा दिवसांत दोन-तीन गोष्टी अशा झाल्या की मास्तरांची झोप उडाली. गिरणीवर गेले आणि दळणाचा डबा तिथंच ठेवून आले. फोनवर पवनला स्वतःच्या मेलेल्या भावाच्या नावानं, मोहनसिंग अशी हाक मारली. पवन तिकडून हसला, पण मग गंभीर होऊन म्हणाला की बाबा, एकदा अकोल्याला डोकं दाखवून घेऊ. मास्तरांनी विषय बदलला. बाईंना यातलं काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी आकडा नेहमीसारखा झाला. मग मास्तरांनी बाईंच्या बोटाला टोचून थेंब मशीनवर लावला. मशीन म्हणालं दोनशे त्र्याण्णव. शेजारीण भागिरथाच्या घरी लग्नाची बुंदी आली होती, तिचा हा प्रताप. मास्तर रागावले, बाई म्हणाल्या एकच घास खाल्ला. रोजचीच गोष्ट. मास्तर बाटली हातात घेऊन सुईत अठरापर्यंत औषध ओढू लागले, आणि ओढता ओढता जुन्या खोडीनं त्यांचं मन मशीनवरच्या आकड्याकडे गेलं. दोनशे त्र्याण्णव. सातानं जात नाही, अकरानं नाही, तेरानं नाही, सतरानंही नाही. अविभाज्य दिसतो. म्हणजे हजाराच्या आतल्या यादीतलाच, त्या उन्हाळ्यात लावून पाहिलेला. याची बाकी किती आली होती बरं?

आठवेना. मग त्यांनी उभ्या उभ्या मनातच भागायला घेतलं. हजारात दोनशे त्र्याण्णव तीनदा, उरले एकशे एकवीस. त्यावर शून्य, बाराशे दहा, चारदा, उरले अडतीस. पुन्हा शून्य, तीनशे ऐंशी, एकदा, उरले सत्त्याऐंशी. शेवटचा नऊ खाली घेतला, आठशे एकोणऐंशी. आणि दोनशे त्र्याण्णव त्रिक आठशे एकोणऐंशी.

बाकी शून्य.

मास्तरांच्या हातातली सुई तशीच राहिली. त्यांनी पुन्हा केलं, शून्य. कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं मांडून केलं, शून्य. उलटं गुणून पाहिलं, दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा. दहा लाख नऊ, एक इकडे नाही की एक तिकडे नाही.

दुसरा कोणी असता तर नाचला असता. मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. जो आकडा फुटत नाही तो आपल्याला फुटलेला दिसतोय. आपण हात लावून मोजतोय, आणि तिसरा बैल दिसतोय.

आतून बाईंनी हाक मारली. मास्तर सुई घेऊन आत गेले, बाईंनी पोटावरचा पदर बाजूला केला आणि मास्तरांनी सुईवरची रेघ पाहिली. अठरा. पण अठराच कशावरून? ज्या डोळ्यांना शून्य दिसलं तेच हे डोळे. अठ्ठावीसही अठरा दिसू शकतात. ते मागं वळले, औषध बाटलीत परत सोडलं, आणि रिकामी सुई बाईंच्या पोटात टोचली.

बाईंनी टोचलेल्या जागेवर बोट फिरवलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, आता चहा ठेवा.

दुपारी मास्तरांनी ट्रंक उघडून ती जुनी वही काढली. पिवळी पडलेली, पण अक्षर मोत्यासारखं, तिशीतल्या माणसाचं. एका पानावर शंभर आकडे, आणि ज्यांना भाग जातो त्यांच्यावर काट मारलेली. तिसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. दोनशे त्र्याण्णववर काट होती. म्हणजे वहीच्या हिशेबानं तो अविभाज्य नाहीच, त्याला कुठल्यातरी आकड्यानं भाग जातो. मास्तरांनी पुन्हा सात, अकरा, तेरा, सतरा लावले. जात नव्हता. वही म्हणत होती जातो. वही लिहिली तेव्हा मास्तर गावात सगळ्यात हुशार होते, आणि आज दळण विसरून येतात. आता खरं कोण, हे सांगायला पंच कशाला हवा!

फोनमध्ये गणिताचं यंत्र असतं, हे मास्तरांना माहीत नव्हतं असं नाही. पण बटणं दाबणार कोण? त्यांचीच बोटं. वाचणार कोण? त्यांचेच डोळे. पवनला विचारावं तर तो रात्रीच्या गाडीनं येऊन अकोल्याला नेईल. आणि ते खरं ठरलं, तर मग प्रयागचं कोण? हा प्रश्न आला की मास्तरांचं मन तिथून पळ काढायचं.

पळता पळता ते एका जागी जाऊन पोहोचलं, जिथं एक्केचाळीस वर्षांत ते मुद्दाम गेलेलं नव्हतं.

तांड्यावरचा एक पोरगा होता, सेवादास. आठवीत. एका सकाळी मधल्या सुटीआधी तो मास्तरांच्या टेबलापाशी आला आणि घडी केलेला कागद पुढं करून म्हणाला, गुर्जी, त्या आकड्याले भाग जाते. वर्ग कान टवकारून बसलेला. मास्तरांना त्या पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद दिसला आणि का कोण जाणे, तोच झोंबला. आपले वीस दिवस, आपली भिंत, आणि हा! ते म्हणाले, तांड्यावर भागाकार कवापासून व्हायले लागला? कोनाची वही पायली? वर्ग खदाखदा हसला. मास्तरांनी कागदाची घडी न उघडताच तो फाडला, आणि पोराला घंटा होईपर्यंत उन्हात उभं केलं. दुसऱ्या दिवशी सेवादास आला नाही. त्याचा बाप सोमला त्याला ऊसतोडीला घेऊन गेला असं कळलं. बरंच झालं, असं मास्तर तेव्हा म्हणाले होते.

त्या कागदावर काय होतं? मास्तरांनी वाचलंच नव्हतं. पण आता त्यांच्या घाबरलेल्या डोक्यात एक विचार घट्ट धरून बसला. या आकड्याला भाग जातो असं म्हणणारा जगात आणखी एकच माणूस आहे. त्याच्या कागदावर जर हाच आकडा असेल, तर मी ठीक आहे. दोन डोकी एकाच जागी फिरत नाहीत. आणि जर दुसराच काही असेल, किंवा त्याला आठवतच नसेल, तर मग आपलं झालं.

हा विचार आला तरी ते उठले नाहीत. भीती माणसाला पळवते असं म्हणतात, मास्तरांना तिनं बसवून ठेवलं. संध्याकाळी मशीन म्हणालं तीनशे अठ्ठ्याऐंशी. पुन्हा रिकामी सुई. उद्या बघू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बाई तांब्यामागून तांब्या पाणी पीत होत्या.

रविवारी सकाळी मास्तरांनी आकडा म्हटलाच नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही. मशीन म्हणालं चारशे सदुसष्ट. तिसरी सुई रिकामी गेली. बाईंच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. थोड्या वेळानं त्यांना उलटी झाली, मग दुसरी. भिंतीला टेकून त्या हळूच म्हणाल्या:

"तुमच्या सुईत आता दम नाई राह्यला वाटते."

मास्तरांना त्या शब्दांनी भाजलं. आपल्या हातानं आपण बायको मारतोय, जास्त देऊन नाही तर न देऊन, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं. त्यांनी भागिरथाला बाईंजवळ बसवलं आणि पायात चपला सरकवल्या.

रविवार, दवाखाना बंद. पण तिथली नर्स निता, जिनं मास्तरांना सुई भरायला शिकवलं होतं, ती तांड्यावर राहायची. निता ही सेवादासची सून. हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच पाच वर्षांत त्यांनी तिला सासऱ्याबद्दल कधी अवाक्षर विचारलं नव्हतं. फाट्यापर्यंत जीप मिळाली. पुढं दीड किलोमीटर चढ. बाई घरी ओकत असतील, या एका विचारानं मास्तरांचे पाय चालत होते.

निंबाखाली खाटेवर सेवादास बसला होता. केस पांढरे, हातांवर उसाच्या पात्यांचे जुने ओरखडे. मास्तरांना पाहून तो उठला, पण पाया पडायला वाकला नाही. निता कुठं आहे, मास्तरांनी विचारलं. नळावर गेली, येईलच, असं सेवादासची बायको हिरीबाई आतून म्हणाली आणि तिनं पाण्याचा गडवा आणून ठेवला. मास्तरांनी पाणी घेतलं नाही.

"सेवादास," ते म्हणाले, "त्या कागदावर काय होतं?"

कोणता कागद, असं सेवादासनं विचारलं नाही.

"आता कायले पाह्यजे, गुर्जी?"

"मी वाचला नव्हता तो."

"मले माहीत हाये. घडीच उघडली नव्हती तुमी."

मास्तरांनी मान खाली घातली. आपला आकडा आपण आधी बोलायचा नाही, एवढं त्यांना भान होतं. बोललो तर हा दयेपोटी हो म्हणेल. त्यांनी फक्त हात जोडले. एवढा मोठा मास्तर, आणि उसतोड्यापुढं हात जोडून उभा. सांग बाबा, म्हणाले, माह्या बायकोचा जीव त्याच्यावर हाये. सेवादासला त्यातलं काहीच कळलं नसणार. पण त्याला समोरच्या माणसाचे जोडलेले हात दिसले, आणि तो खाटेच्या कडेवर परत बसला.

"दोनशे त्र्याण्णव," तो म्हणाला. "दोनशे त्र्याण्णव गुनिले तीन हजार चारशे तेरा. फडात मोळ्या बांधतांनी मी दरसाल तेच गुनत राहो. म्हनलं कदी तरी चुकन, मंग गुर्जी खरे. पन चुकलं नाई."

मास्तर खालीच बसले, मातीत. छातीतून एक हुंदका असा आला की हिरीबाई धावत बाहेर आली. डोकं ठीक आहे. तिसरा बैल नाही. दोनच बैल आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, की मले वीस दिवसांत नाही सापडला, तो तुले कसा सापडला? सेवादासनं साधं उत्तर दिलं. अविभाज्य आकडे कोणते आणि कोणते नाहीत, याची यादी त्याला येत नव्हती. म्हणून त्यानं दोनपासून सुरुवात केली आणि एकेक करत सगळेच लावले. दोन महिने लागले.

तेव्हा कुठं मास्तरांना आपल्या वहीतली ती काट समजली. सातांनी सातांनी मोजत काट मारताना पानाच्या शेवटच्या ओळीत बोट एक घर अलीकडे पडलं असणार. दोनशे चौऱ्याण्णवची काट त्र्याण्णववर गेली, आणि पुढचं पान नव्यानं मोजल्यामुळं चूक तिथंच लपली. एक घर. त्या घरावरून मास्तर यादी घेऊन पुढं निघून गेले, आणि ज्याच्याकडे यादी नव्हती तो पोरगा नेमका तिथं थांबला. मास्तरांना हेही दिसलं, की आज डोकं ठिकाणावर आहे तसं त्या सकाळीही होतंच. कागद फाडला तो शहाण्या माणसानं फाडला होता. ते कोणावर ढकलायला आता जागा नव्हती.

एवढ्यात निता आली. मास्तरांनी तिला अडखळत सगळं सांगितलं. तीन सुया रिकाम्या, हे ऐकल्यावर तिचा चेहराच बदलला. ती वयाचं, मानाचं काही न बघता म्हणाली की गुर्जी, तुमी मारून टाकाल मायले, आणि हंडा तिथंच ठेवून स्कूटीची चावी आणायला पळाली. मास्तर सेवादासच्या मोटारसायकलवर बसले. रस्ताभर मास्तरांच्या मनात एकच धावा होता, की प्रयाग शुद्धीवर असू दे.

प्रयागबाई शुद्धीवर होत्या, पण मान धरत नव्हती. श्वास जोरजोरात चालला होता. निताचं मशीन लागलं तर त्यावर आकडाच आला नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली. साखर मशीनच्या आवाक्याबाहेर गेली की असं होतं, ती म्हणाली. तिनं एकशे आठ नंबरला फोन करून गाडी मागवली, मग कारंज्याच्या डॉक्टरांना लावला. डॉक्टर म्हणाले, गाडी येईपर्यंत सकाळची सुई देऊन टाका आणि लगेच निघा. निताच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात बाईंचं डोकं, बाई पुन्हा ओकत होत्या. ती मास्तरांकडे न पाहताच म्हणाली:

"अठरा भरा, गुर्जी. लवकर."

मास्तरांनी बाटली काढली. डोकं ठीक आहे हे आता त्यांना ठाऊक होतं, पण तीन वेळा खोटं बोललेल्या हातांना ते कुठं ठाऊक होतं? त्यांनी औषध ओढलं, रेघ पाहिली, पुन्हा पाहिली, आणि पुढं पाऊल टाकवेना. मग ते दाराशी उभ्या असलेल्या सेवादासकडे गेले आणि सुई त्याच्यापुढं धरली.

सेवादासनं खिशातून चष्मा काढला, काच सदऱ्याला पुसली, आणि सुई उजेडात धरून सावकाश पाहिली. त्याला घाई नव्हती. त्यानं आधी खालच्या रेघा मोजल्या, मग वरच्या.

"बराबर हाये, गुर्जी."

मास्तरांनी सुई दिली. या वेळी औषध आत गेलं. मग ते बाटली हातात घेऊन तसेच उभे राहिले आणि सेवादासला म्हणाले:

"तुझंही बराबर होतं."

सेवादास फक्त "हो" म्हणाला आणि गाडी आली का ते पाहायला बाहेर रस्त्यावर गेला.

गाडीत प्रयागबाईंना सलाईन लावलं. वेळेत निघालो, निता म्हणाली, पण कारंजा येईपर्यंत बोलत राहा, झोपू देऊ नका. मास्तर बाईंच्या उशाशी बसले. काय बोलणार? जे बोलायचं होतं ते एकच होतं. त्यांनी बाईंच्या कानाशी वाकून सांगितलं, की मी तुले तीन सुया रिकाम्या टोचल्या. दहा लाख नऊला भाग गेला आणि मी भ्यालो.

बाईंनी डोळे उघडले नाहीत. गाडी फाट्यावरून वळली, सलाईनची बाटली झोके खाऊ लागली. मास्तरांना वाटलं, ऐकलंच नाही.

"मले माहीत होतं," बाई म्हणाल्या. आवाज जेमतेम निघत होता. "फ्रीजातलं औषध गार लागते. ते लागलंच नाई."

"मंग बोलली काहून नाई?"

बाईंनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"मले वाटलं, तुमाले तिसरा बैल दिसायले लागला. म्हनलं, हे मी सांगतलं तर तुमी भ्याल."

मास्तरांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कारंजा येईपर्यंत सोडला नाही.